पुढच्या काचेचं अज्ञात कारण

दगड हरभऱ्याएवढा होता. खडी वाहणाऱ्या ट्रकच्या मागच्या फळीतून तो निसटला, रस्त्यावर एक टप्पा घेतला, त्रुटीसाहेबांच्या गाडीच्या पुढच्या काचेवर 'टक्' करून आदळला आणि आपल्या वाटेने निघून गेला. ट्रकही गेला. मागे राहिला काचेवरचा मसुराएवढा पांढरा ठिपका, आणि स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखे बसलेले त्रुटीसाहेब.

त्रुटीसाहेब हे त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते लोकांनी दिलेलं, आणि कष्टाने कमावलेलं. एका सरकारी कचेरीत, दाखल्यांच्या खिडकी क्रमांक चारच्या मागे, ते बावीस वर्षं लाल पेन घेऊन बसत. अर्ज आत आला की त्यांची नजर अर्जातल्या माणसाकडे कधीच जायची नाही. ती थेट चुकीवर जाऊन बसायची. मग कोपऱ्यात लाल अक्षरांत 'त्रुटी' लिहून अर्ज आला तसा बाहेर. मृत्यूच्या दाखल्यासाठी खुद्द मयत येऊन उभा राहिला असता, तर त्याच्याकडेही त्यांनी ओळखपत्राची झेरॉक्स मागितली असती. अर्जात 'विलंबाचे कारण' असा एक रकाना होता. तिथे कुणी 'अज्ञात' असं लिहिलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "कारण मोघम," ते म्हणायचे, "पुढचा." आणि खिडकीच्या काचेवर त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात एक पाटी चिकटवली होती : फॉर्म पूर्ण वाचूनच सही करावी.

अशा माणसाच्या काचेवर ठिपका पडला.

एरवी एका ठिपक्याने आभाळ कोसळलं नसतं. पण हा शनिवार होता, आणि येत्या गुरुवारी सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सासरे म्हणजे बसचे निवृत्त ड्रायव्हर, राहायला लेकीकडेच. बत्तीस वर्षं विनाअपघात. त्याचा पितळी बिल्ला त्यांनी अजून शर्टाच्या खिशाला लावलेला असे. बनियनवर असले तर हातात. मोतीबिंदूमुळे त्यांना समोरच्या माणसाचं नाक दिसत नव्हतं, पण जावयाच्या ड्रायव्हिंगमधली चूक दोन गल्ल्या पलीकडून दिसायची. नऊ वर्षांत ते या गाडीत एकदाही बसले नव्हते. "जो माणूस हिरव्या दिव्यालाही थांबतो, न जाणो लाल झाला तर म्हणून, त्याच्या शेजारी मी बसणार नाही," असं त्यांनी लेकीला साफ सांगितलं होतं. ऑपरेशनच्या निमित्ताने प्रथमच ते हो म्हणाले होते. नऊ वर्षांचा अपमान गुरुवारी सकाळी आठला धुऊन निघणार होता. आणि आता काचेला ठिपका.

घरच्या पार्किंगमध्ये गाडी लागते न लागते तोच तळमजल्यावरचे कर्नल हजर झाले. कर्नल कधीही सैन्यात नव्हते. ते पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. पण रोज सकाळी पार्किंगमध्ये हात मागे बांधून गाड्यांची पाहणी करायचे, म्हणून कर्नल. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं, डोळे मिटले, आणि नाडी बघितल्यासारखं करून म्हणाले, "हे वाढणार."

"किती वाढेल?"

"वाढलं तर तुमचं नशीब! विमा आहे ना? मग काच नवी घ्या की. पण साहेब, एवढ्याशा टिकलीला कोण काच देतंय? वीतभर तरी तडा पाहिजे. माझ्या मेव्हण्याला दीड वितीवर मिळाली."

"म्हणजे मी माझ्या हाताने काच फोडू?" त्रुटीसाहेबांचा आवाज चिरकला.

"छे छे! फोडायचं कोण म्हणतंय? तुम्ही गाडी धुवा. दुपारी, कडक उन्हात. आणि पाणी जरा गार घ्या. गाडी धुणं हा काय गुन्हा आहे?"

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपला मध्यमवर्गीय माणूस चोरी करत नाही, कारण त्याला भीती वाटते. आणि त्या भीतीला तो प्रामाणिकपणा म्हणतो. चोरीला दुसरं एखादं स्वच्छ नाव सापडलं, की त्याची भीती जाते आणि प्रामाणिकपणा जागच्या जागी राहतो. त्रुटीसाहेबांनी रात्रभर विचार केला. गाडी धुऊ नये असा नियम कुठेही नव्हता. पाणी किती गार असावं याबद्दलही कोणतं परिपत्रक त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

रविवारी दुपारी एक वाजता त्यांनी गाडी भर उन्हात काढली. तासभर तापवली. मग फ्रिजमधल्या सातच्या सात बाटल्या पिशवीत घालून खाली आले.

पहिली बाटली ओतली. काच वाफाळली. ठिपका तसाच.

दुसरी, तिसरी. ठिपका तसाच.

तोपर्यंत गॅलऱ्या भरल्या होत्या. इमारतीत पाण्याची तक्रार करायला चार माणसं जमत नाहीत, पण दुसऱ्याची फजिती पाहायला पंगत बसते. कर्नल खालून हुकूम सोडत होते, "एकदम ओता! थेंब थेंब नको! हां, आता उजवीकडे!" वरून बायको ओरडली, "अहो, बाबांच्या डोळ्यांचे थेंब ठेवले होते फ्रिजच्या दारात, ते नाही ना नेलेत?" सात बाटल्या संपल्या. मग बादलीभर कढत पाणी आलं, मग पुन्हा गार. गाडी नऊ वर्षांत झाली नव्हती इतकी स्वच्छ झाली. ठिपका मात्र मसुराएवढाच, आणि धुतल्यामुळे आणखी उठून दिसणारा.

घामाने आणि पाण्याने सारखेच भिजलेले त्रुटीसाहेब गाडी सावलीत लावायला आत बसले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून सासऱ्यांचा बसच्या हॉर्नसारखा आवाज आला :

"जावईबापू, साबण राहिला!"

सगळ्या गॅलऱ्या एकदम हसल्या. त्रुटीसाहेबांनी दात-ओठ खाऊन दार धाडकन आपटलं.

आणि तेव्हा, पाण्याच्या नऊ हल्ल्यांना न बधलेली ती काच, दाराच्या एका दणक्याने 'कर्रर्र' करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

कर्नलनी धावत येऊन वितीने मोजलं. "साडेपाच!" ते म्हणाले. "अभिनंदन, साहेब!"

बायको एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होती. तिने तडा पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे लोक असंच करतात. एक दात किडतो. मग घरगुती उपाय. मग कवळी."

सोमवारी विम्याचा एजंट आला. हा बायकोचा मावसभाऊ. पॉलिसी विकताना रोज फोन करणारा आणि विकल्यावर फक्त पुढच्या हप्त्याला सापडणारा. पण बहिणीने फोनवर काहीतरी असं सुनावलं, की तो अर्ध्या तासात दारात उभा होता.

"भावोजी, काळजीच सोडा. आज फॉर्म, उद्या पाहणीला सर्वेयर, परवा काच. गुरुवारी तुम्ही बाबांना घेऊन झूम! फक्त इथे लिहा, 'दगड लागून काच फुटली.' बास."

"पण दगडाने फुटली नाही," त्रुटीसाहेब म्हणाले.

"दगड लागला ना?"

"लागला. पण त्याने ठिपका पडला. तडा दाराने गेला."

"मग दार लिहा."

"दार मी आपटलं. आणि त्याआधी पाणी."

एजंटने पॉलिसी विकताना कधी पाहिलं नव्हतं अशा दयेने भावोजींकडे पाहिलं. "भावोजी, हा विम्याचा फॉर्म आहे. आत्मचरित्र नाही."

तो गेल्यावर त्रुटीसाहेब टेबलाशी बसले. 'नुकसानीचे कारण'. पुढे दोन ओळींची रिकामी जागा. दगड लिहावं तर खोटं, पाणी लिहावं तर आत्महत्या, दार लिहावं तर सासऱ्यांचं नाव मधे येणार. बावीस वर्षं लोकांना 'खरं काय ते लिहा' म्हणून दरडावणाऱ्या या माणसाला पहिल्यांदाच कळलं की खरं काय ते दोन ओळींत मावत नाही. पंधरा मिनिटं पेन हवेत होतं. मग ते खाली आलं, आणि त्या पेनाने, त्या हाताने, स्वच्छ टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : अज्ञात.

लिहिल्यावर त्यांनी पटकन घडी घातली. स्वतःलाही दिसू नये म्हणून.

मंगळवारी एजंट आधीच येऊन थांबला होता, तेवढ्यात सर्वेयर बाई आल्या. स्कूटरवरून उतरल्या, हेल्मेट आरशाला अडकवलं, गाडीभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून वायपरच्या खाचेत बोट घातलं. तिथे अजून ओल होती. कोपऱ्यात बाटल्यांची सात बुचं पडली होती, तीही त्यांनी पाहिली.

"कशी फुटली?"

"मॅडम, दगड," एजंट म्हणाला.

त्याच क्षणी मदतीच्या उत्साहात कर्नल पुढे झाले. "मॅडम, मी प्रत्यक्ष साक्षीदार. पक्षी धडकला. हा एवढा! मोठा होता."

"जावईबापू," वरून हाक आली, "बाईंना सांगा, फ्रिजमध्ये आता गार पाणी नाही, माठातलं देऊ का? तुम्ही सगळं काचेवर ओतलंत!"

बाईंनी फॉर्म उघडला. "दगड. पक्षी. पाणी. आणि इथे 'अज्ञात'." मग त्यांनी मान वर करून पहिल्यांदाच त्रुटीसाहेबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पाहतच राहिल्या.

"तुम्ही खिडकी क्रमांक चार ना?"

त्रुटीसाहेबांना नाही म्हणावंसं वाटलं. पण तेही खोटं झालं असतं.

"माझ्या आईच्या दाखल्यासाठी चार खेपा घातल्या मी. तिला चालवत नव्हतं. तिसऱ्या खेपेला तुम्ही काय लिहून दिलंत, सांगू?" बाईंनी खिशातून पेन काढलं. लाल नव्हतं, निळं होतं. तेवढीच देवाची कृपा. "'कारण मोघम. त्रुटी.' ती विचारत होती, मोघम म्हणजे काय गं? काय सांगणार होते मी? तिच्या जन्माची नोंद का झाली नाही ते तिच्या आईबापांना ठाऊक, आणि ते जाऊन चाळीस वर्षं झाली. तिला खरंच अज्ञात होतं हो, साहेब."

त्रुटीसाहेबांना ती बाई आठवेना. हे जास्त वाईट होतं. बावीस वर्षांत त्यांनी इतक्या अज्ञातांना परत पाठवलं होतं की एकही चेहरा शिल्लक नव्हता. नुसती लाल अक्षरं होती.

"आणि गंमत सांगू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं दगड लिहिलं असतं तर मी पाच मिनिटांत निघाले असते. रोज वीस दगड बघते मी." मग त्यांनी गाडीच्या कप्प्यातली पॉलिसी मागून घेतली आणि नववं पान उघडलं. "आणि त्याहून मोठी गंमत. हे वाचा."

त्रुटीसाहेबांनी वाचलं. काचेवर नाण्यापेक्षा लहान ठिपका पडल्यास कंपनीचा माणूस घरी येऊन तो अर्ध्या तासात विनामूल्य भरून देईल. हा क्लेम धरला जाणार नाही. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारा बोनस जसाच्या तसा राहील.

पानाच्या तळाशी ठसठशीत सही होती. त्यांची. 'मी वरील मजकूर पूर्ण वाचला आहे' या ओळीच्या खाली.

माणसाला चपराक बसली की तो गालाला हात लावतो. त्रुटीसाहेबांनी खिशातल्या लाल पेनाला हात लावला.

"मॅडम, पक्षी परत आला तर मी..." कर्नलनी सुरुवात केली.

"कर्नल, तुम्ही घरी जा," त्रुटीसाहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच कुणाला अर्ज न तपासता घालवलं. "मॅडम, तो फॉर्म द्या इकडे. आणि दहा मिनिटं थांबा."

बॉनेटवर कागद ठेवून ते लिहायला लागले. दोन ओळी संपल्या, समास संपला, मागची बाजू संपली, वरून बायकोने दोन कोरे कागद खाली टाकले. ट्रक, हरभरा, मसूर, सात बाटल्या, कढत बादली, साबण, दार. सगळं क्रमवार, तारीख-वेळेसकट. शेवटी लिहिलं : सदर नुकसान माझ्या मूर्खपणामुळे झाले असून त्यात दगडाचा दोष अल्प आहे. एजंट बॉनेटवरून वाकून वाचत होता आणि दर ओळीला "भावोजी, नको... भावोजी, हे तरी नको..." असं पुटपुटत होता, घरातल्या कुणाची शुद्ध हरपावी तसा.

बाईंनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. 'साबण' आला तिथे त्यांचे खांदे हलले. मग कागद परत दिले.

"याला क्लेम मिळणार नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"आहे."

"मग मागे घेतो म्हणून खाली एक ओळ लिहा. नोंद लागणार नाही, बोनस वाचेल. काच पदरचे पैसे घालून बसवा." हेल्मेट चढवता चढवता त्या थांबल्या. "आणि साहेब, अर्ज छान लिहिलाय. कुठेही त्रुटी नाही."

काच यायला आठ दिवस लागणार होते. गुरुवार दोन दिवसांवर होता.

बुधवारी संध्याकाळी त्रुटीसाहेब सासऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले. खिडकीच्या बाहेर उभं राहणं कसं असतं, ते त्यांना या आठवड्यात दुसऱ्यांदा कळत होतं. "बाबा, गाडी नाही. रिक्षाने..."

"रिक्षा कशाला? बसने जाऊ." म्हातारा खुशीत होता. बिल्ला त्याने आधीच पुसून ठेवला होता.

आणि गुरुवारी सकाळी बसमध्ये ड्रायव्हरने बिल्ला पाहून "या काका!" म्हणत सासऱ्यांना अगदी पुढची जागा दिली. सासरे त्या मोठ्या पुढच्या काचेसमोर राजासारखे बसले. जावई पाऊण तास दांडीला लटकून मागे उभे. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर पट्टीखालून सासऱ्यांनी पहिली गोष्ट विचारली, "माझी काच बसली. तुमची कधी?"

शुक्रवारी खिडकी क्रमांक चारला एक म्हातारे गृहस्थ आले. अर्ज आत सरकवला. विलंबाचे कारण : अज्ञात. त्रुटीसाहेबांनी लाल पेन उघडलं, आणि तसंच बंद केलं. "बसा," ते म्हणाले, "नक्की काय झालं ते सांगा. मी लिहून घेतो."

गृहस्थांनी आधी मागे वळून पाहिलं, हे कुणाला म्हणतायत म्हणून. मग घाबरून म्हणाले, "साहेब, कुठे बसू?"

खिडकी क्रमांक चारच्या बाहेर खुर्ची नव्हती. बावीस वर्षांत नव्हती. त्रुटीसाहेब उठले आणि स्वतःची खुर्ची उचलून बाहेर घेऊन गेले. कचेरीत तासभर कुजबुज होती की साहेबांनी राजीनामा दिला.

मग काच आली, बसली, आणि डोळा दाखवायला जायचा दिवस उजाडला. सासरे पुढच्या सीटवर बसले. एकदाचे. नव्या काचेतून, नव्या डोळ्याने, ते वाटेतली एक न् एक पाटी मोठ्याने वाचत होते. "दातांचा दवाखाना! पंक्चर काढून मिळेल! वळण धोक्याचे!" त्रुटीसाहेब घाम गाळत, मान ताठ ठेवून, बोलणी खायची वाट बघत चालवत होते. बोलणी येईनात. तेच जास्त जड जात होतं.

लाल दिव्याला गाडी थांबली. सासऱ्यांनी शर्टाच्या खिशावरचा बिल्ला चाचपला.

"जावईबापू, एक सांगतो. पोरीला सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"माझ्या नोकरीच्या अकराव्या वर्षी बसची पुढची काच फुटली होती. उभ्या बसची. दुपारची वेळ, आतून काचेवर माशी बसली होती. कितीही हाकलली तरी तिथेच. माझं डोकं फिरलं." ते जरा थांबले. "हातात चहाचा थर्मास होता."

त्रुटीसाहेबांनी मान वळवून पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते गाडी चालवताना समोरून नजर काढत होते. अर्थात गाडी थांबलेली होती.

"मग डेपोच्या कागदावर काय लिहिलंत, बाबा?"

"काय लिहिणार? अज्ञात कारण."

"आणि ते चाललं?"

"चाललं की. तेव्हा खिडकीवर तुम्ही नव्हता." म्हातारा समोर बघत म्हणाला, "हिरवा झालाय. आता तरी जा."